कोल्हापूरहून बेळगावच्या मराठी शाळेत पाचवीत : दसऱ्यानंतर काय शिकवतात?

तुमचा मुलगा दसऱ्याच्या सुट्टीनंतर इथल्या मराठी माध्यमात पाचवीत येणार, तर आधी कन्नडची तयारी करा. बाकी विषय तो सहज धरेल. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शिकवते, आणि महाराष्ट्रातून आलेली मुलं इथेच अडखळताना रोज बघते.

मराठीत 'ए' आणि 'ओ' एकेकच; कन्नडमध्ये दोन्ही ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे, आणि त्यावर अर्थ बदलतो. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लिहितात, तेही वेगळ्याच आकारात. मूळाक्षरं आणि बाराखडी सुट्टीतच गिरवून घ्या. शेजारच्या कन्नड मुलांबरोबर खेळू द्या, कान लवकर तयार होतो.

गणितात गुणाकार-भागाकार, दशांश अपूर्णांक, पैसे, वजन, वेळ. पाढे पक्के असतील तर काळजी नाही.

परिसर अध्ययन मला सगळ्यात आवडतं. नैसर्गिक साधनं, शेती, पाणी, पुढे सूर्यमाला आणि भारत. नद्यांबद्दल बोलताना मी कणकुंबीपासून सुरुवात करते : मलप्रभा आपल्याच तालुक्यात उगम पावते आणि कूडलसंगम इथे कृष्णेला मिळते. तुमच्या पंचगंगेचं पाणीही कृष्णेतच जातं, हे त्याला नकाशावर दाखवा. नवीन गाव लगेच ओळखीचं वाटेल.

विज्ञान आणि समाजविज्ञान वेगळे होतात ते सहावीत. इंग्रजी आहेच. पुस्तकं कर्नाटक राज्याच्या अभ्यासक्रमाची, म्हणून बालभारतीची इथे चालणार नाहीत. पण मराठी वाचनासाठी ती जरूर जवळ ठेवा.