डेंग्यूचा विषाणू पेशीच्या आत स्वतःच्या प्रती नेमक्या कोठे तयार करतो?

डेंग्यूचा आरएनए (विषाणूची जनुकीय माहिती वाहणारा रेणू) पेशीत शिरताच रायबोसोम, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणारी यंत्रे, त्याचे थेट वाचन करतात आणि त्यातून तयार झालेली एनएस४ए, एनएस४बी यांसारखी विषाणूची प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतील पटलांच्या जाळ्याच्या) पटलात रुतून बसतात. पेशीकडील काही प्रथिनांच्या साहाय्याने ती या पटलाला आतल्या बाजूस वाक देतात आणि सुमारे ९० नॅनोमीटर व्यासाच्या असंख्य पिशव्या निर्माण होतात. या पिशव्या पूर्ण बंद नसतात, आणि माझ्या मते सगळी गंमत येथेच आहे: प्रत्येकीला जेमतेम १० नॅनोमीटरचे तोंड असते, ज्यातून कच्चा माल आत येतो व नवा आरएनए पेशीद्रव्यात बाहेर पडतो.

एवढा खटाटोप दोन कारणांसाठी असावा. आरएनएच्या प्रती काढणारे पॉलिमरेज हे विकर व ज्यावरून प्रत निघते तो साचा जवळजवळ राहिल्याने काम वेगाने होते. शिवाय प्रती काढताना अपरिहार्यपणे तयार होणारा दुपदरी आरएनए, जो दिसताच आरआयजी-आय आणि एमडीए५ हे पेशीचे पहारेकरी इंटरफेरॉन या विषाणूरोधी प्रथिनांची यंत्रणा जागी करतात, तो बराचसा झाकलेला राहतो.

कोरोना विषाणू याच जालिकेपासून दुहेरी पटलाच्या पिशव्या घडवतात. त्या बंदिस्त असतील तर आरएनए बाहेर येतो कसा, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते; २०२० मध्ये दोन्ही पटलांना भेदणारे, प्रामुख्याने एनएसपी३ या प्रथिनाचे बनलेले छिद्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. इन्फ्लुएन्झा मात्र आरएनए विषाणू असूनही ही वाट सोडून केंद्रकात जातो.