बाळाच्या आतड्यात आतडे शिरले आहे का, हे खाटेशेजारी केलेल्या सोनोग्राफीत कळते का?

होय, आणि सरावलेल्या हाताला बऱ्याच खात्रीने कळते. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकून अडकतो, त्याला इंटससेप्शन म्हणतात. साधारण 3 महिने ते 3 वर्षे वयाच्या मुलांत तो अधिक आढळतो. बाळ थांबून थांबून कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, उलट्या करते; शौचातून रक्त व शेम पडणे हे लक्षण पुष्कळदा उशिरा दिसते, त्यामुळे त्याची वाट पाहू नये. डॉक्टर लिनिअर प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा त्वचेवर टेकवायचा, सपाट तोंडाचा भाग) पोटाच्या उजव्या बाजूपासून मोठ्या आतड्याच्या मार्गाने फिरवतात, आणि आडव्या छेदात एकात एक अशी वर्तुळे दिसून त्यांचा व्यास सुमारे 2.5 सेंटिमीटरहून अधिक भरला, तर निदान जवळजवळ ठरते. लहान आतड्यापुरते मर्यादित, बारीक इंटससेप्शन बहुधा आपोआप सुटते. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही आणि बाळ आईच्या मांडीवर असतानाही तपासणी होते, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र चित्र अस्पष्ट असेल किंवा लक्षणे टिकून असतील, तर रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावीच. निदानानंतर बहुतेक मुलांत गुदमार्गातून हवेचा किंवा सलाइनचा दाब देऊन आतडे पूर्ववत करता येते. आतड्याला छिद्र पडले असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.