प्रश्न तुमचे : मऊ दोन-हाती रॉडला घाई चालत नाही

प्रश्न : मामांनी इंग्लंडहून आणलेला १४ फुटी दोन हातांनी धरायचा फ्लाय रॉड, म्हणजे फ्लाय हा हलका गळ जाड लाइनच्या वजनानं लांब फेकायची मासेमारीची काठी, माझ्याकडं आलाय, स्लो ॲक्शनचा म्हणजे मऊ आहे, वर लाइनच्या वजनाचा ९/१० नंबर लिहिलाय. माझ्या एका हाताच्या रॉडची ९ नंबरची लाइन त्यावर लावली. कितीही जोर लावला तरी लाइन पुढं जाऊन ढीग होऊन पडते. मित्र म्हणतात रॉड मेलाय, विकून फास्ट घे. काय करू? (भिलवडी, जि. सांगली)

उत्तर : विकू नका, अजिबात विकू नका. अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, ती लाइन. एका हाताच्या ९ नंबरच्या लाइनचं पहिल्या ३० फुटांचं वजन २४० ग्रेन, म्हणजे साधारण १५.५ ग्रॅम, आणि दोन-हाती ९ नंबरला लागतं ६०० ग्रेनच्या आसपास, ३९ ग्रॅम धरा, लाइनच्या प्रकाराप्रमाणं थोडं कमीजास्त. नंबर तोच दिसतो पण मोजायची पद्धतच वेगळी आहे. एवढ्या हलक्या लाइननं रॉड नीट वाकत नाही, वाकत नाही म्हणून तुम्ही जोर काढता आणि जोर काढला की पुढचं सगळं बिघडतं. तेव्हा आधी स्पे लाइन, म्हणजे दोन-हाती रॉडची खास लाइन घ्या, जिचा पुढचा जाड भाग रॉडच्या तीन ते साडेतीन पट लांब आहे अशी, म्हणजे तुमच्यासाठी ४२ ते ५० फूट. जाड भाग ६०-७० फुटांचा असलेल्या, म्हणजे लाँग बेली लाइनी स्लो रॉडवर फार सुंदर चालतात पण त्या हात बसल्यावर.

आता हाताचं बघू. फास्ट रॉड शेंड्याकडं वाकतो, स्लो रॉड पार मुठीपर्यंत वाकतो, आणि जेवढा खोल वाकेल तेवढा सरळ व्हायला वेळ घेतो. तो वेळ त्याला द्यायचा, एवढंच खरं तर सगळं शिक्षण आहे. विहिरीतनं भरलेली बादली कशी ओढता, सुरुवातीला हिसका नाही, दोर ताणला की मग ओढ वाढवत न्यायची, तसंच. सुरुवातीलाच दणका दिला तर रॉड एकदम वाकतो, शेंडा मधेच खाली बुडतो आणि लाइनचा वरचा पदर खालच्या पदराला येऊन अडकतो, तुमचा ढीग बहुतेक तिथंच होतोय. रॉड जास्त वाकतो म्हणून हाताचा फेराही फास्ट रॉडपेक्षा जरा मोठा ठेवा, नाहीतर शेंडा सरळ रेषेत जातच नाही.

वरचा हात सैल, तो फक्त टेकू. काम खालच्या हातानं करायचं, मूठ पोटाकडं ओढून घ्यायची. बहुतेक जण वरच्या हातानं ढकलतात आणि मग संध्याकाळी खांदा धरून बसतात. शेवटी शेंडा उंच असतानाच थांबायचं, लाइन सुटून गेली की मग रॉड सावकाश खाली, कारण मऊ रॉड थांबल्यावरही थोडा वेळ हलत राहतो आणि तुम्ही लगेच खाली दाबला तर लूप, म्हणजे लाइनचा हवेतला वळसा, उघडा पडतो. फास्ट रॉडसारखा अगदी चिंचोळा लूप यातनं येणार नाही आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, लाइन जाते की नीट.

आणि एक. स्पे कास्टमध्ये, म्हणजे या रॉडनं लाइन फेकायच्या पद्धतीत, लाइन मागं हवेत फेकत नाहीत, टोक पाण्यावर टेकवून, त्याला अँकर म्हणतात, मागं फक्त इंग्रजी डी अक्षरासारखा फुगा करतात आणि तिथूनच पुढं. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर काठाला झाडं, चढ, मागं जागा नाही, म्हणून १९व्या शतकात ही पद्धत रुळली. तुमच्याकडं मागं ऊस आहे, अडचण तीच! डी मागं करताना सावकाश, पण मधे थांबून राहू नका, अँकर पाण्यात बुडाला की पाणी लाइन धरून ठेवतं आणि सगळा जोर ती सोडवण्यात जातो.

भिलवडी म्हणून मुद्दाम सांगतो, पाण्यात उतरू नका. त्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेत, गुडघाभर पाणीही नको. काठावर लांब उभं राहून कास्ट करायला १४ फुटी रॉड पुरतो. हात बसेपर्यंत मैदानात दोन्ही हातांनी डोक्यावरून साधा कास्ट करा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, पण गवतावर अँकर पाण्यासारखा धरत नाही तेव्हा स्पे शिकायला पाणीच लागणार. टोपी आणि चष्मा दोन्हीकडं हवाच.

प्रश्न : कराडला संगमाच्या खाली वारा सुटला की फ्लाय अंगावर येते. कुठला कास्ट करावा? (कराड)

उत्तर : वारा बघून बाजू ठरवा, अँकर नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला पाहिजे म्हणजे फ्लाय तुमच्यापासनं लांब उडते. वारा प्रवाहाच्या उलट वर चढत असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी, प्रवाहाबरोबर खाली जात असेल तर डबल स्पे किंवा स्नेक रोल, हे सगळे स्पे कास्टचेच प्रकार. सवयीचा हात कुठला याला इथं किंमत नाही, डावा हात वर घेऊनही कास्ट यायला हवा. तळ्यावर किंवा धरणावर जाणार असाल तर मासेमारीचा ठेका कुठल्या संस्थेकडं आहे ते विचारून परवानगी घ्या, आणि महाशीर लागला तर ओल्या हातानं धरून लगेच सोडा.

प्रश्न : जुन्या रॉडच्या जोडात बारीक फट राहते, अजून दाबून बसवू का? (तासगाव)

उत्तर : नको. आतली कांडी असलेल्या जुन्या जोडाला ती फट मुद्दाम ठेवलेली असते, झिजेल तशी कांडी आणखी आत बसावी म्हणून. ठोकून बसवला तर फुटेल. स्पे कास्टमध्ये रॉडला पीळ बसतो आणि जोड हळूहळू फिरून सैल होतो, तशा सैल जोडावर जोर आला की रॉड तिथंच मोडतो, म्हणून जोडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी दोन-तीन वेढे गुंडाळा आणि अधूनमधून लाइन ओवायच्या रिंगा एका ओळीत आहेत का ते बघत जा.