शहर नियोजनाच्या प्रकल्पात लोकांना कधी आणि कसं सामील करून घ्यावं?

आराखडा पक्का होण्याआधी. बहुतेक वेळा नकाशे तयार होतात, ठेकेदार ठरतो आणि मग हरकती मागवल्या जातात. तेव्हा लोकांच्या हातात विरोध करण्यापलीकडे काही उरत नाही. अमेरिकेतल्या नियोजन अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली; पायरी जितकी वरची, तितका निर्णयात लोकांचा अधिकार जास्त. त्यात नुसतं मत विचारणं चौथ्या पायरीवर आहे, भागीदारी सहाव्या.

सभा घ्याच, पण माझ्या मते सगळ्यात जास्त हाती लागतं ते जागेवर फिरून. रस्ता रुंद करायचाय ना? मग चाकाची खुर्ची वापरणारे, फेरीवाले, शाळकरी मुलं यांच्यासोबत तोच रस्ता एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर चाला. पदपथाची कड कुठे जास्त उंच आहे, पाणी कुठे तुंबतं, बायका कुठल्या कोपऱ्यावरून जायचं टाळतात, हे तिथेच कळतं.

पैशांचा विषयही टाळू नका. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून नवीन कामांवरच्या खर्चाचा प्राधान्यक्रम नागरिकांच्या सभांमधून ठरू लागला.

आणि कुठली सूचना घेतली, कुठली नाकारली व का, हे प्रत्येक वेळी लेखी कळवा. नाहीतर पुढच्या सभेला कुणी फिरकणार नाही.