फोटो बघून गाव ठरवू नका

समुद्रकिनारी सुट्टीला पहिल्यांदाच जाताय ना? मग फोटोंवर जाऊ नका. ते पहाटे काढलेले असतात. त्या वेळी कुठलाही किनारा शांतच दिसतो. त्यापेक्षा उपग्रह नकाशा उघडा आणि वाळूला लागून पार्किंग केवढं आहे ते पाहा. गाड्यांच्या चार रांगा दिसल्या की समजून जा. मी ज्या गावांत रमलो, तिथे रस्ता संपल्यावर दहा मिनिटं तरी पायपीट होती. गर्दीला तेवढंही जिवावर येतं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बुकिंगच्या आधी बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं, आणि तितकंच आत जातं. हे न बघता मी एकदा गेलो. दुपारी खिडकीतून नुसता चिखल, आणि समुद्र म्हणजे लांबवर चकाकणारी एक रेघ. चारही दुपारी तेच!

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऊन चटके देत असलं तरी पाणी तापायला वेळ लागतो. मुलं बरोबर असतील तर उथळ, आडोशाचा किनारा बरा. नदीच्या मुखाजवळचं गाव देखणं असतं, पण तिथे ओढ फार, पोहायला नको.

हो, आणि लाटांच्या मधोमध एखादा गुळगुळीत पट्टा दिसला तर तिथे उतरू नका. परतीचा प्रवाह बहुधा तिथूनच आत ओढतो. सापडलातच तर किनाऱ्याला समांतर पोहा.