फिलिपिन्समधला पीडीपी-लाबान पक्ष कसा वाढला आणि त्याचं विलीनीकरण कोणाशी झालं?

तुम्ही एकाच विलीनीकरणाबद्दल विचारलंय, पण या पक्षाची दोन झाली. पहिल्याने पक्ष उभा राहिला, दुसऱ्याने तो जवळजवळ गिळला. माझ्या मते खरी गोष्ट दुसऱ्यात आहे, पण आधी पहिलं सांगतो.

पीडीपी आणि लाबान हे मुळात दोन वेगळे पक्ष, त्यातला लाबान आधीचा. 1978 मध्ये मार्शल लॉ चालू असतानाच हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोसने संसदेची निवडणूक लावली. विरोधी नेता निनॉय अकिनो 1972 पासून जेलमध्ये होता, त्याने तिथूनच मनिलाच्या 21 जागांसाठी लाबान नावाने पॅनेल उभं केलं आणि समोरच्या पॅनेलची प्रमुख कोण तर खुद्द मार्कोसची बायको इमेल्डा. निनॉयला टीव्हीवर एक मुलाखत देऊ दिली, बाकी प्रचार करायला सोडलंच नाही. मग मतदानाच्या आदल्या रात्री, 6 एप्रिलला, लोकांनी घराघरातून पातेली बडवली, गाड्यांचे हॉर्न दाबून धरले, चर्चच्या घंटा वाजवल्या, अख्खं मनिला दणाणून गेलं. आणि निकाल काय लागला? 21 च्या 21 जागा मार्कोसच्या पक्षाला! एवढा आवाज करणाऱ्या शहरात विरोधकांना एक जागा नाही, हे कोणाला पटणार.

पीडीपी वेगळ्या मातीतला. 1982 मध्ये दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावर कागायान दे ओरोचे महापौर आकिलिनो पिमेंतेल यांनी तो काढला. तिकडचे बहुतेक पक्ष म्हणजे चार श्रीमंत घराणी आणि त्यांची माणसं, पण इथे मेंबर व्हायचं तर आधी शिबिराला बसा, पक्षाचा विचार समजून घ्या, अशी पद्धत होती. सगळं मनिलातून ठरतं ते बंद करा, प्रांतांना अधिकार द्या, ही मागणी. मला पिमेंतेलांबद्दल मनापासून आदर आहे, मार्कोसच्या काळात पुन्हा पुन्हा अटक होऊन माणूस हटला नाही.

निनॉय मधल्या काळात जेलमधून सुटून परदेशात गेला होता. 21 ऑगस्ट 1983 ला तो परतला आणि मनिलाच्या विमानतळावरच त्याला गोळी घातली. त्या काळात हे दोन पक्ष जवळ आले, आधी आघाडी आणि 1986 पर्यंत एकच पक्ष. लाबानकडे नाव होतं, लोकांची सहानुभूती होती आणि पीडीपीकडे गावोगावची माणसं, म्हणून ते जुळलं. गंमत म्हणजे फेब्रुवारी 1986 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक निनॉयची बायको कोरी यांनी लढवली ती युनिडो या दुसऱ्याच पक्षाच्या नावावर, कारण युनिडोचे नेते लॉरेल उपाध्यक्षपदावर तयार झाले ते त्या अटीवर.

कोरी सत्तेत आल्या आणि मग लायनी लागल्या, कालपर्यंत मार्कोसच्या मागे फिरणारे सुद्धा आत यायला लागले. कोरींचे भाऊ पेपिंग कोहुआंगको यांना आकडा वाढवायचा होता, पिमेंतेलांना ते मान्य नव्हतं. शेवटी 1988 मध्ये पेपिंग आपला गट घेऊन गेले आणि लाकास नग बान्सा या पक्षात मिसळून एलडीपी नावाचा भला मोठा पक्ष काढला. पिमेंतेल थोडक्या लोकांसोबत जुनं नाव धरून राहिले. तो मोठा पक्ष पण टिकला नाही, 1992 च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी ठरवताना मित्रा या नेत्याने रामोस या दुसऱ्या नेत्याला हरवलं, रामोस बाहेर पडले, नवा पक्ष काढला, कोरींनी पण त्यांनाच पाठिंबा दिला आणि ते जेमतेम 24 टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. मित्रा चौथे.

आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, पळवाटा असल्या तरी आहे. तिथे जिल्ह्यातून निवडून आलेल्या खासदाराला तसं बंधन नाही, राष्ट्राध्यक्ष ज्याचा त्याच्याकडे सगळे. म्हणून 2016 ला पीडीपी-लाबानच्या नावावर दुतेर्ते जिंकले आणि हाताच्या बोटावर मोजण्याइतके खासदार असलेला पक्ष काही आठवड्यांत सगळ्यात मोठा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुतेर्तेंच्या परवानगीने मार्कोसचा मृतदेह राष्ट्रीय वीरांच्या दफनभूमीत पुरला गेला. मार्कोसविरुद्ध जन्मलेला पक्ष, आणि त्याच्याच राष्ट्राध्यक्षाकडून हे! मला ते आजही सहन होत नाही.

2021 मध्ये परत दोन गट पडले, एका बाजूला दुतेर्तेंचे मंत्री कुसी आणि दुसरीकडे पिमेंतेलांचा मुलगा कोको व बॉक्सर पॅकियाओ. निवडणूक आयोगाने 2022 ला कुसींच्या बाजूने निकाल दिला आणि 2024 ला पक्षाने नावातलं लाबान काढून टाकलं, आता नुसतं पीडीपी. तुम्ही पुढे वाचाल तेव्हा एलडीपी आणि पीडीपी यांची गल्लत करू नका, नावं सारखी वाटतात पण 1988 नंतर त्यांचे रस्ते वेगळे आहेत.