तारीख कोणती धरायची?

प्रश्न : शेवटची पाळी 10 एप्रिलला आली. डॉक्टरांनी बाळंतपणाची 17 जानेवारी तारीख दिली, मोबाइलमधलं ॲप 15 म्हणतं. चुकलं कोण?

कुणीच नाही. डॉक्टरांनी पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवले. ॲप सरळ 280 दिवस मोजतं. महिने काही तीस दिवसांचे, काही एकतीसचे, त्यात दोन दिवस सरकले. (आज्यांचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ही इथेच कुठेतरी येऊन थांबतात.) पाळी 28 ऐवजी 35 दिवसांनी येत असेल, तर मात्र तारीख साधारण आठवडाभर पुढे जाते.

प्रश्न : नवरा बोटीवरून 3 ऑगस्टला घरी आला. 1 सप्टेंबरच्या सोनोग्राफीत ‘सहा आठवडे’ लिहून आलं. सासूबाई बोटं मोजत बसल्यात.

त्यांना मोजू दे, हिशेब जुळतो. गर्भ नेमका कधी राहिला ते सहसा सांगता येत नाही, पाळीची तारीख सांगता येते. म्हणून गर्भाचं वय पाळीपासून धरतात. त्यातले पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच. सहातून दोन गेले, राहिले चार. यजमान येऊनही तेवढेच झाले. पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल. आणि सोनोग्राफीत चार-पाच दिवस इकडेतिकडे होतातच. तेवढ्यावरून सुनेवर संशय घेणं शोभत नाही.

प्रश्न : नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत 2 मार्च तारीख होती. आता आठव्या महिन्यात 15 मार्च आली. कोणती खरी?

2 मार्च. पहिल्या तीन महिन्यांत बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही. शेवटी शेवटी हीच चूक तीन आठवड्यांवर जाऊ शकते. मशीन मापावरून तारीख छापतं, पण खरं तर ते बाळाचा आकार सांगत असतं. तारीख पुढे ढकलली की वाढ मागे पडलेलं बाळ नजरेतून निसटतं. दोन्ही रिपोर्ट घेऊन जा आणि वाढीबद्दल स्पष्ट विचारा.

प्रश्न : तारीख उलटून दोन दिवस झाले, कळा नाहीत.

नेमक्या तारखेला बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाचच. 41 आठवडे भरत आले की कळा आणायच्या का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. तोवर तपासणी चुकवू नका. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी किंवा रक्त गेलं, तर तारीख न बघता लगेच दवाखाना गाठा.